दहावीनंतर दिव्यांग मुलांचा हात कोण धरणार?

दहावीचा निकाल लागला की आयटीआय प्रवेशाची धावपळ सुरू होते. दिव्यांग विद्यार्थ्यांची गळती नेमकी याच टप्प्यावर होते. शाळेत जुळलेला आधार सुटतो आणि पुढचा धरायला कोणी नसते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या आणि १४ तालुक्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १९ नुसार व्यवसाय प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर आहे. आयटीआय प्रवेशात ५ टक्के जागा राखीव आहेत. काही ट्रेडना तर आठवी उत्तीर्ण मुलेही पात्र ठरतात.

मग अडते कुठे?
विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळा शिक्षण विभागाकडे आणि आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे. मूल एका दारातून बाहेर पडते तेव्हा पुढच्या दाराला त्याची खबर नसते. कर्णबधिर मुलगा वर्कशॉपमध्ये पोहोचला तरी शिल्पनिदेशकाला सांकेतिक भाषा येत नसेल, तर राखीव जागेचा उपयोग काय? अकोल्याच्या डोंगराळ गावातील व्हीलचेअरवरच्या मुलीला एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. पण बसची पायरी चढायची कशी? शिवाय यूडीआयडी कार्ड वेळेत हाती नसेल, तर प्रवेशाची मुदत निघून जाते.

काय करता येईल?
अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शाळेने ‘शाळेनंतर काय’ याचा लेखी आराखडा करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे हे काम नववीतच सुरू व्हावे. विशेष शिक्षक, पालक आणि आयटीआयचा प्रतिनिधी एकत्र बसले, तर मुलाची आवड, सोयीचा ट्रेड, लागणारी साधने आणि राहण्याची व्यवस्था आधीच ठरेल. मुलांना दोन दिवस वर्कशॉप दाखवून आणायला फारसा खर्च येत नाही. ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो साहित्यवाटपाच्या कार्यक्रमांपुरता न ठेवता प्रवास आणि प्रशिक्षणाकडे वळवता येईल. दिव्यांग युवकांच्या शिक्षण आणि पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या ‘अनामप्रेम’सारख्या संस्था नगरमध्ये आहेत. त्यांचा अनुभव प्रशासनाने वापरावा.

पालकांनी लक्षात ठेवावे
यूडीआयडी कार्डासाठी दहावीच्या निकालाची वाट पाहू नका. नववीतच अर्ज करा. प्रवेश अर्जात दिव्यांग आरक्षणाचा पर्याय न चुकता निवडा. ट्रेड ठरवताना मुलाला आधी विचारा.

शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन शाळेची जबाबदारी संपते, हा समज आधी सोडायला हवा. दिव्यांग मूल पुढच्या वर्गात बसले की नाही, हे पाहणारा एक जबाबदार माणूस प्रत्येक तालुक्यात नेमला, तरी कागदावरचे ५ टक्के प्रत्यक्षात दिसू लागतील.