पदवी समान, मग शिकवणी का नाही?

मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. संसाराच्या ओझ्यामुळे ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही, त्यांच्यासाठी हे दार उघडले, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु दार उघडणे वेगळे आणि आत आलेल्यास हात देणे वेगळे.

केळव्यासारख्या गावाचाच विचार करावा. पानवेलींच्या वाडीत राबणारा अथवा तारापूरच्या कारखान्यात पाळीने काम करणारा तरुण पदवीसाठी नाव नोंदवितो. पाळी बदलली की त्याच्या अभ्यासाची वेळही बदलते. संपर्कवर्गाचा आणि कामाचा दिवस एकच निघाला, तर त्याने रोजगार बुडवावा की वर्ग? भ्रमणध्वनीवरील व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकता येते, हे खरे. पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्या व्याख्यानास दिसत नाही.

मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पदवी समान, तर अध्यापनाची काळजीही समान नको काय? पालघर-बोईसर परिसरात एकच संपर्कवर्ग सकाळी व सायंकाळी असा दोनदा भरवावा, म्हणजे पाळी कोणतीही असो, एक वेळ साधेल. स्वाध्याय तपासून, चुका दाखवून, परीक्षेपूर्वी परत द्यावेत. यास खर्च येईल. तो विद्यापीठांनी व शासनाने सोसला पाहिजे; कारण दूरशिक्षणातील अंतर कापण्याचे काम संस्थेचे आहे, एकट्या विद्यार्थ्याचे नव्हे.