हप्ता सातबाऱ्याला, कसणाऱ्याला नाही

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये मी एका बँकेत नोकरी करतो. घरातला पहिला पदवीधर. पीएम किसानचा हप्ता जमा झाला की संध्याकाळी आईचा फोन ठरलेला. "गावात समद्यांला दोन-दोन हजार आले. तू ब्यांकेत हायेस, मंग आपल्यालाच कामून नाही?"

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात आई दोन एकर गायरान कसते. आजोबांनी दगड वेचून ते वहितीला आणलं. आज त्यात तूर आणि कापूस येतो. पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. म्हणून शासनाच्या लेखी माझी आई शेतकरी नाही, अतिक्रमणदार आहे.

पीएम किसानची मुख्य अट अशी की 1 फेब्रुवारी 2019 रोजी लागवडीची जमीन तुमच्या नावावर हवी. मग वर्षाला 6 हजार. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती काही महिन्यांतच उठवली. जास्त जमीनवाला आत आला. बटाईदार, शेतमजूर आणि गायरानधारक बाहेरच राहिले. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 'नमो शेतकरी'चे आणखी 6 हजार जाहीर केले, तेही याच यादीवर.

2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे 11.9 कोटी होते आणि शेतमजूर 14.4 कोटी. लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.6 टक्के, पण 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीच्या जमिनीत त्यांचा वाटा जेमतेम 9 टक्के. योजनेच्या नियमांत जातीचा उल्लेख कुठेच नाही. गरजही नाही. ते काम सातबारा करतो.

इथेही वेगळं नाही. माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट जॉर्ज किल्ला आहे. चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहीर याने अस्पृश्यांच्या हलाखीचा अहवाल दिल्यावर 1892 मध्ये मद्रास सरकारने त्यांच्यासाठी जमिनी राखून ठेवायचं ठरवलं. याच त्या पंचमी जमिनी. त्या इतरांना विकता येणार नाहीत अशी अट होती. तरी त्यातल्या बऱ्याच इतरांच्या नावावर गेल्या. 1994 मध्ये त्या परत मागताना करणै इथे पोलीस गोळीबारात जॉन थॉमस आणि एळुमलै हे दोन तरुण मेले. आता ज्याच्या नावावर पट्टा, त्याच्या खात्यात हप्ता.

कसणारा ओळखायचा कसा, असं अधिकारी विचारतात. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत बटाईदार आणि भूमिहीन दोघेही होते. आंध्रने 2019 मध्ये 'रयतु भरोसा'त दलित, आदिवासी आणि मागास खंडकऱ्यांना घेतलं. आणि आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 1-ई असतो. कोणी किती गायरान धरलंय याची नोंद त्यात होते. आमच्या घरी दंडाच्या पावत्या जपून ठेवल्यात. दंड घेताना सरकारला माझी आई सापडते, हप्ता देतानाच सापडत नाही.

लहान शेतकऱ्याचा हप्ता बंद करा, असं मी म्हणत नाही. तो त्याला मिळालाच पाहिजे. पण आपली शिष्यवृत्ती ज्यांना खिरापत वाटते, त्यांना घरात येणारा हप्ता मात्र हक्क वाटतो, एवढं लक्षात ठेवा.

गायरान आपल्याला कोणी दानात दिलेलं नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये आपली माणसं भूमीसाठी तुरुंगात गेली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तो अजून कितीतरी गावांत कागदावरच आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी गावी गेलात की गाव नमुना 1-ई ची नक्कल मागा. घरातल्यांचं नाव बघा, जुन्या पावत्या जमवा, अर्ज टाका आणि पोच घ्या. आपल्या आधीच्या पिढीला तो कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.

जय भीम.