सोनघंटा आणि आपले डोंगर

नामशेष म्हणून सोडून दिलेलं झाड पुन्हा भेटतं, तेव्हा बहुतेकदा ते कुठे गेलेलंच नसतं. नेमक्या महिन्यात त्या उतारावर कुणी चढलेलं नसतं. सोनघंटेचंच पाहा. पुण्याच्या रानडे यांनी ती आंबा घाटात गोळा केली, १८९४ साली ‘अब्युटिलॉन रानडेई’ या नावाने ती नोंदली गेली आणि पुढे कित्येक दशकं तिचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती सह्याद्रीत पुन्हा सापडली. अंगभर मखमली लव, हिवाळ्यात लोंबणारी घंटेसारखी पिवळी फुलं, पाकळ्यांवर तांबूस शिरा. इतकं देखणं झुडूपही नजरेतून सुटतं, कारण रानफुलं पाहायला आपण पावसाळ्यातच बाहेर पडतो, असं मला वाटतं. अशीच एखादी वनस्पती आणखी कुठे नजरेआड असू शकते, म्हणून अलिबाग-मुरूडच्या टेकड्यांची काळजी वाटते. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं म्हणून तिथलं फणसाड अभयारण्य तरी वाचलं. बाहेरच्या उतारांवर मात्र प्लॉट पाडायला जेसीबी चढलेत. प्लॉट पाडायची परवानगी देण्याआधी तिथल्या वनस्पतींची वर्षभराची पाहणी झालीच पाहिजे, आणि त्या वर्षात हिवाळा धरलाच पाहिजे.