लेणीतला एकांत आणि आपले घर

कंपनीतून निवृत्त झालेले आमच्या वस्तीतले एक काका परवा विहारात म्हणाले, "पोरे मार्गी लागली. आता लेणीच्या डोंगराकडे झोपडी टाकतो आणि एकटाच राहतो. या कटकटीतून सुटलो की मुक्त झालो." शेजारी काकू गप्प बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले. पाणी भरणे, नातवाला शाळेत सोडणे हे सारे काकाच करतात.

बंधूभगिनींनो, काकांची ओढ खोटी नाही. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) बौद्ध लेणी त्याबद्दल काय सांगतात, ते आधी पाहू.

विद्यापीठामागच्या डोंगरात भिक्खू राहत. चौथ्या लेणीतले चैत्यगृह सर्वांत जुने. इतर बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतली. भिक्खूजवळ तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायचे फडके एवढाच संसार. पण त्याला अन्न साठवण्याची मुभा नव्हती. म्हणजे रोज लोकांच्या दारी जाणे आलेच! एकांत होता, पण लोकांशी नाते तुटलेले नव्हते.

तिसऱ्या लेणीत तथागतांसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका कोरले आहेत. सातव्या लेणीत आग, साप, बेड्या, बुडते जहाज अशा आठ भयांतून माणसांना सोडवणारा अवलोकितेश्वर आहे. एकांताच्या जागी भिंतीवर लोकांचीच दुःखे!

मेघिय नावाच्या भिक्खूला नदीकाठची आमराई आवडली. तथागत म्हणाले, थांब, दुसरा भिक्खू येऊ दे. तो ऐकेना, एकटाच गेला. तिथे वासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार मनात दाटले आणि तो परत आला. तेव्हा तथागतांनी मन परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यांत पहिली गोष्ट कल्याणमित्र! घर सोडले म्हणून मन मागे राहत नाही, ते बरोबरच येते.

आणखी एक. गावाबाहेर राहणे, अर्धपोटी झोपणे हे आपल्या आजा-पणजांनी निवडले नव्हते; त्यांच्यावर लादले होते. त्याला कोणी साधेपणा म्हणू नये. हाती असताना आपणहून कमी घेणे हा साधेपणा. त्यासाठी आधी माणसाच्या हाती काही आले पाहिजे. म्हणूनच बाबासाहेबांनी 1950 साली याच शहरात महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे की, भिक्खू कशासाठी? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस होण्यासाठी, की समाजाची सेवा करण्यासाठी? धम्माची आशा त्यांना सेवा करणाऱ्या भिक्खूमध्ये दिसली.

मग आपण काय करावे? गरजा कमी कराव्यात. लग्नातला बडेजाव, हप्त्यावर आणलेली नको ती वस्तू यांनीच आपण जास्त बांधले जातो. आणि आठवड्यातून एक सकाळ एकट्याने झाडाखाली शांत बसावे. ही सकाळ घरातल्या बाईलाही मिळाली पाहिजे. तिला तर उभ्या आयुष्यात एकांत मिळालेला नसतो.

हे ऐकून काका काही बोलले नाहीत. पण रविवारी पहाटे ते डोंगराकडे गेले आणि पाणी यायच्या आत परतले. पुढच्या रविवारी पाणी काका भरणार आहेत. त्या दिवशी काकूंनी विहारामागच्या लिंबाखाली तासभर बसायचे ठरवले आहे.