दोन तासांचे पाहुणे आणि त्यांचा निकाल

लग्नाच्या पंगतीतून उठलेला पाहुणा हात धुता धुता निकाल देतो, “जिलबी बरी होती, पण मठ्ठ्यात काही दम नव्हता.” मुलगी कशी, मुलगा कसा, यजमानाने हे लग्न कोणत्या ओढाताणीतून उभे केले, याची त्याला दाद नसते. त्याचे लग्न मठ्ठ्यापाशी सुरू होते आणि मठ्ठ्यापाशीच संपते. याच पाहुण्याचा धाकटा भाऊ आजकाल सुट्टीत गावोगाव फिरतो. त्याला आपण पर्यटक म्हणतो. माझे आजचे भांडण या धाकट्या भावाशी आहे. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तो भाऊ तुम्ही-आम्हीच असतो, म्हणून हे भांडण घरातलेच समजावे.

आमच्या मेहकरातून दर सुट्टीला दोनचार कुटुंबे थीम पार्क पाहावयास निघतात. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली उघडले. आमच्यापासून ते चारशेहून अधिक किलोमीटर. पूर्वी एवढ्या अंतरावर माणसे काशीयात्रेच्या तयारीने निघत. आता पोहे बांधून घेतले की झाले. मंडळी परत आली की ओट्यावर बैठक बसते आणि निकाल वाचला जातो. हे निकाल मी इतकी वर्षे ऐकतो आहे की त्यांचे चार ठरीव नमुने मला पाठ झाले आहेत. पहिला, “पैसे वसूल झाले.” दुसरा, “रांगेतच जीव गेला.” तिसरा, “एकदा बघायला ठीक आहे.” आणि चौथा, जो बहुधा घरातल्या बाईचा असतो, “पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि आतल्या चहाच्या किमतीत आमचा आठवड्याचा चहा होतो.”

या चारही निकालांना मी नावे ठेवणार नाही. थीम पार्क ही वस्तूच मुळी उडत्या पाहुण्यासाठी बनविलेली आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यांनी बागेभोवती मातीचा उंच बांध घातला. हेतू हा की आत शिरलेल्या माणसाला बाहेरचे जग दिसू नये. आत सगळे आखीव. रांग वळणावळणांची, म्हणजे ती केवढी आहे हे ध्यानात येऊ नये. आणि पाळण्यातून उतरले की समोर दुकान. त्या पहिल्या दिवशी खोटी तिकिटे घेऊन झुंडी आत शिरल्या, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळांना पाणी पुरले नाही. लोकांनी तक्रारी केल्या, आणि त्या कारभाऱ्यांना ऐकाव्या लागल्या. हेच योग्य झाले. मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड उघडले. एका पिढीच्या सहली तेथे गेल्या. २०२२ साली ते बंद झाले. पाहुणा आला तर पाळणा फिरतो, न आला तर थांबतो. अशा ठिकाणी पाहुणा हाच राजा. त्याने तिकीट काढले आहे, त्याने मठ्ठ्याला नावे ठेवावीत. तेथे तो हक्क त्याचाच आहे.

माझी तक्रार पुढची आहे. हा राजा घरी परतताना आपला मुकुट उतरवून ठेवीत नाही. थीम पार्कचा गज तो खिशात घालून आणतो आणि जे थीम पार्क नाही तेही त्याच गजाने मोजू लागतो.

आता हेच पाहा. मेहकरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार आहे. आकाशातून आलेल्या एका धोंड्याने काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून दीडशेएक मीटर खोल असा वाडगा कोरला. बेसॉल्टच्या खडकात असे विवर पृथ्वीवर फारच थोड्या ठिकाणी आहे. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली; १९७३ साली शास्त्रज्ञांनी तेथील खडकांवरून आघाताचा पुरावा छापला; आणि अलीकडच्या एका मोजणीने त्याचे वय पूर्वी समजत होते त्या पन्नास हजारांवरून पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या घरात नेऊन ठेवले. आत पाणी आहे ते खारे आणि क्षारयुक्त, आणि त्याच विवराच्या उतारावर धारेचे पाणी गोडे. ज्या वस्तूसाठी भूगोलाचा अभ्यासक समुद्र ओलांडून येतो, ती आमच्या उंबऱ्याशी आहे.

आणि तिच्या काठावर उभा राहून आमचा पाहुणा काय म्हणतो? “नुसता खड्डा तर आहे!” मी हे वाक्य या कानांनी ऐकले आहे, आणि एकदाच नव्हे. पुढचे प्रश्नही ठरलेले: “बोटिंग नाही का? खाली जायला पाळणा नाही का? पाण्याला वास कसला येतो?” २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले तेव्हा मात्र साऱ्या देशाला लोणार आठवले. पाणी आटून खारेपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी रंग धरला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. रंग उतरला तसे पाहुण्यांचे कुतूहलही उतरले. “आता गुलाबी नाही? मग कशाला जायचे?” जणू कोणी दिवे मालवून खेळ संपविला होता!

यात हसण्यासारखे आहे खरे, पण हसून सोडून देण्यासारखे नाही. ते सरोवर खारे आहे म्हणूनच ते लोणार आहे. गोडे पाणी, सांडपाणी, साबणाचा फेस त्यात जितका अधिक उतरेल तितका त्या सूक्ष्म सृष्टीचा संसार मोडेल, आणि मोडलेला संसार तिकिटाच्या पैशांनी पुन्हा मांडता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला. हा मान त्या पाण्याला मिळाला आहे, काठावरच्या कणसाच्या गाडीला नव्हे. पाहुण्याची मागणी वाढली की पुढारी ती उचलतो, पुढाऱ्याने उचलली की कंत्राटदार ती झेलतो. आणि दोन तासांच्या पाहुण्याने सहज टाकलेल्या शब्दापायी लाखो वर्षांची वस्तू पणाला लागते. पाहुणा एव्हाना घरी जाऊन झोपलेला असतो.

दुसरे उदाहरण शेगावचे. तो मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला. तेथे झाड लावणे सोपे, जगविणे कठीण. तेथे श्रीगजानन महाराज संस्थानाने आनंदसागर उभारले. विस्तीर्ण तळे, मध्ये ध्यानकेंद्र, मुलांसाठी छोटी आगगाडी, आणि जिकडे तिकडे झाडी. पुढे काही वर्षे ते बंद राहिले आणि नंतर त्याचा काही भाग पुन्हा उघडला. बंद असताना हळहळणारे मला शेकड्याने भेटले. पण हळहळ कशाची? आगगाडीची! “पोरांची गाडी गेली हो!” त्या झाडांना पाणी कोण घालीत असेल, तळ्याचे काय झाले असेल, असे विचारणारा एकही पाहुणा मला भेटला नाही. खाऱ्या जमिनीवर हिरवळ उभी करणे हाच तेथला खरा चमत्कार होता, आणि नेमका तोच कोणाच्या नजरेत भरला नव्हता.

सिंदखेडराजाला जावे तर “नुसत्या भिंती आहेत.” जिजाऊंचे बालपण ज्या वाड्यात गेले त्या भिंती! पुण्यात आंबेगावला बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे. तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. ती अवश्य पाहावी. मुलांना गोडी लावावयास ती चांगली. पण तेथली रोषणाई पाहून आलेला मुलगा सिंदखेडच्या खऱ्या दगडापुढे “इथे काही लागत नाही का?” असे विचारू लागला, तर नकलेने अस्सलाला घराबाहेर काढले असे म्हणावयाचे की नाही?

माझे एक व्यापारी स्नेही यावर रागावतात. “मास्तर, तुमचे लोणार पाहून गावाचे पोट भरते का? पाहुणा यावा, चार घास खावा, एक रात्र राहावा, तर पोरांना धंदा मिळेल.” हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला तुच्छतेने उडवून लावणारा माणूस पोटभर जेवलेला असला पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. तो आमच्या मेहकराजवळून जातो. मोटारी येतात आणि सुसाट निघून जातात. त्या थांबाव्यात असे मलाही वाटते. पण माझे स्नेही एक हिशेब विसरतात. पाळणे आणि घसरगुंड्या मुंबईपुण्याकडे आमच्याहून मोठ्या आहेत आणि राहणार. त्या शर्यतीत आम्ही कायमचे शेवटचे. लोणार मात्र दुसऱ्या कोणाकडे नाही. दुकानदाराने आपल्याकडचा एकमेव माल गोणपाटाखाली झाकून ठेवावा आणि शेजाऱ्याकडे ढिगाने असलेला माल उधारीने आणून मांडावा, याला धंदा म्हणत नाहीत. पाळणे हवेत ना? महामार्गाच्या कडेला उघडे रान पुष्कळ आहे, तेथे खुशाल घाला. माझी नातवंडे पहिली जातील. विवराच्या कडेला नकोत. गावातल्या पोरांना वाटाड्याचे शिक्षण द्या, दगड, पक्षी आणि देवळे यांची खरी माहिती द्या. पाहुणा दोन तासांऐवजी दोन दिवस राहील, आणि चार घासांऐवजी चार जेवणे जेवील.

आणि पाहुण्यालाही शिकविता येते, असा माझा अनुभव आहे. आमच्या शारंगधर बालाजीपुढे उभा राहून “मूर्ती मोठी आहे” एवढेच म्हणणाऱ्याला मी विचारतो, “ही १८८८ साली जमिनीतून निघाली, ठाऊक आहे?” मग अकरा फुटांच्या आसपासचा तो काळा पाषाण, त्यावरचे नाजूक कोरीव काम, आणि मूर्ती साता समुद्रापार जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी केलेल्या धावपळीची गावात सांगितली जाणारी हकीकत त्याला सांगतो. घड्याळाकडे पाहणारा माणूस खाली बसतो. मूर्ती तीच, माणूसही तोच. फक्त कोणीतरी त्याला थांबविलेले असते.

तेव्हा या दिवाळीत थीम पार्कला जाणाऱ्यांनी जरूर जावे, पाळण्यात बसून ओरडावे, चहाच्या किमतीबद्दल भांडावे. परत येताना तो गज तेवढा फाटकातच ठेवून यावा. आणि मग एक पहाट लोणारसाठी काढावी. पोरांना खड्ड्याची खोली सांगू नका. त्यांनाच ओळखू द्या. काठावर पाच मिनिटे कोणी बोलू नये असे ठरवा. आमच्या मेहकरात कंचनीच्या महालाचे पडके अवशेष आहेत. सांगतात की लोणारचा दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा म्हणून त्या कंचनीला मजल्यावर मजला चढवावयाचा होता. गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण एका दिव्यासाठी महाल बांधावासा वाटणे ही एक रसिकता, आणि विवराच्या काठावर उभे राहून बोटिंग विचारणे ही दुसरी. आपल्या मुलांच्या पदरात यांतली कोणती घालावयाची, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी फराळाच्या ताटावरच ठरवून टाकावे.