बिनतारी जोडणी आणि स्वावलंबन

हल्लीं पुष्कळ घरांत एखादा जुना लॅपटॉप निरुपयोगी ठरून कपाटावर पडलेला असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि तिच्या पुढील प्रणालीच्या अटींत कित्येक जुनीं यंत्रें बसत नाहींत. यंत्र धडधाकट, परंतु त्यावरील प्रणालीचा आधार तुटलेला, अशी ही स्थिति आहे. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून तें पुन्हां कामास लावावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस वरचेवर सांगत असतों. यावर पालकांचा आक्षेप बहुधा एकच असतो : "लिनक्स घातलें, पण वाय-फाय लागेना, मुलाचे दोन दिवस फुकट गेले." वाय-फाय लागत नाहीं ही तक्रार कांहीं वेळां खरी असते. परंतु ते दोन दिवस फुकट गेले, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम ही अडचण उद्भवते कशी तें पाहूं. लॅपटॉपच्या पोटांत बिनतारी संदेश धाडणारें व घेणारें एक लहानसें कार्ड असतें. प्रणालीस या कार्डाशीं बोलावयाचें तर मध्यें एक दुभाषी हवा. त्यास ड्रायव्हर म्हणतात. शिवाय बहुतेक कार्डें सुरू होतांना त्यांच्या स्वतःच्या स्मृतींत एक छोटा प्रोग्राम भरावा लागतो, तें फर्मवेअर. आतां दुभाष्यास कार्डाची भाषा यावी, तर ती कार्ड तयार करणाऱ्यानें सांगितली पाहिजे. कित्येक कंपन्यांनीं विंडोजकरितां दुभाषी स्वतः करून दिला आणि इतरांस ती भाषा वर्षानुवर्षें कळूं दिली नाहीं. सामान्य माणूस दोष लिनक्सच्या माथीं मारतो. वस्तुतः तो पुष्कळदां या गुप्ततेचा असतो.

लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें प्रथम प्रसिद्ध केला. त्याची रचना कोणासही वाचतां येते व सुधारतां येते, म्हणून तो मुक्त. त्यामुळें दार बंद आढळलें तेव्हां हात जोडून बसण्याचा प्रसंग त्याच्या अभ्यासकांवर आला नाहीं. ब्रॉडकॉम कंपनीचीं कार्डें असंख्य लॅपटॉपांत होतीं, परंतु त्यांची माहिती उघड नव्हती. तेव्हां स्वयंसेवकांनीं कामाची वांटणी केली. एका गटानें कंपनीचा ड्रायव्हर उकलून कार्ड कसें वागतें याचें वर्णन लिहिलें. दुसऱ्या गटानें मूळ ड्रायव्हरकडे न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा आरोप कोणीं करूं नये म्हणून ही दक्षता. २००६ सालीं तो ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. पुढें २००८ सालीं अथेरॉस कंपनीनें, आणि २०१० सालीं खुद्द ब्रॉडकॉमनें, आपल्या नव्या कार्डांसाठीं खुले ड्रायव्हर प्रसिद्ध केले. डेबियन या लिनक्स-परिवारांत बंदिस्त फर्मवेअर मूळ संचांत असावें कीं नाहीं, यावर दीर्घकाळ वाद होता. २०२२ सालीं सभासदांचीं मतें घेऊन तें समाविष्ट करण्याचें ठरलें, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून तें संचांत येऊं लागलें. या सर्व खटपटीमुळें आज पुष्कळ यंत्रांवर वाय-फाय पहिल्या क्षणींच लागतें.

ज्यांचें लागत नाहीं त्यांनीं क्रमानें चालावें. मुळांत जुनी प्रणाली पुसण्यापूर्वींच लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय लागतें कीं नाहीं तें पाहावें. त्यानें यंत्रांतील मजकुरास धक्का लागत नाहीं. लागलें नाहीं, तर रेडिओच बंद नाहीं ना, हें 'आरएफकिल लिस्ट' या आज्ञेनें तपासावें. पुष्कळदां दोष एवढाच असतो कीं, विमान-स्थितीचें बटण दाबलें गेलेलें असतें. नंतर कार्ड कोणतें तें 'एलएसपीसीआय' या आज्ञेनें, व बाहेरून जोडलेलें असल्यास 'एलएसयूएसबी' या आज्ञेनें ओळखावें. मग 'डीमेसेज' या आज्ञेनें गाभ्याची रोजनिशी वाचावी. फर्मवेअरची एखादी फाइल सांपडली नसेल, तर तिचें नांव बहुधा तेथें लिहिलेलें असतें. (या आज्ञा रोमन लिपींतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात.) तें फर्मवेअर आणावयास इंटरनेट हवें, आणि इंटरनेटसाठीं फर्मवेअर हवें, असा पेंच येथें पडतो. तो सोडविण्यास तारेची जोडणी वापरावी, किंवा मोबाइल यूएसबी-तारेनें लॅपटॉपास जोडून त्याचें इंटरनेट तात्पुरतें घ्यावें. बाहेरून आणलेला ड्रायव्हर यंत्रानें नाकारला, तर 'सिक्युअर बूट' ही सुरक्षेची सोय आड येत असण्याचा संभव असतो.

या क्रमांत विद्यार्थ्यास काय मिळतें? कारण कोठें असावें याचा तर्क करणें, एका वेळीं एकच बदल करणें, त्याचा परिणाम पाहून वहींत टिपणें, आणि मगच पुढें जाणें. प्रयोगशाळेंत आम्ही शिकवूं पाहतों तें याहून निराळें काय आहे? प्रयोगशाळेंतील प्रयोगाचें उत्तर मात्र पुस्तकांत आधींच छापलेलें असतें. येथें तें त्या मुलास स्वतः शोधावें लागतें. यास आम्ही एक इशारा जोडतों. कोठेंतरी वाचलेली आज्ञा, तिचा अर्थ न कळतां, टंकूं नये. विशेषतः जिच्या आरंभीं 'सुडो' हा शब्द आहे तिला यंत्राचे सर्व अधिकार मिळतात. ती न समजतां चालविणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं घराच्या किल्ल्या देणें होय.

मुलांस पुढें नोकरींत विंडोजच लागेल, असाही एक आक्षेप आहे. परंतु केरळांतील सरकारी व अनुदानित शाळांत गेलीं अनेक वर्षें संगणकाचें शिक्षण मुक्त प्रणालीवर दिलें जातें, आणि तेथील मुलें त्यामुळें मागें पडलीं असें आमच्या ऐकिवांत नाहीं. ज्यानें एका प्रणालीचें अंतरंग समजून घेतलें, त्यास दुसरी शिकावयास जड जात नाहीं. आपल्या भाषेंत आरंभ करावयाचा असेल, तर मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतूनही मिळतात.

मात्र हें सर्व प्रमाणांत असावें. परीक्षेच्या तोंडावर हा उद्योग करूं नये. वडिलांच्या किंवा आईच्या कामाच्या यंत्रास हात लावूं नये. जुन्या यंत्रांतील छायाचित्रें व कागदपत्रें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावींत. आणि पुष्कळ प्रयत्न करूनही कार्ड वश झालें नाहीं, तर लिनक्सवर चालतें अशी खात्री करून एखादें लहान यूएसबी-कार्ड विकत घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं, आणि नव्या लॅपटॉपापेक्षां तें कितीतरी स्वस्त पडतें.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं कपाटावरील जुनें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं एका सुटीपुरतें मुलांच्या हवालीं करावें. मूल मध्येंच अडलें, तर लगेच दुकानदाराकडे धांवूं नये. आतांपर्यंत काय काय करून पाहिलें, तें त्यास विचारावें. तें नीट सांगूं लागलें, तर वाय-फाय अजून लागलें नसलें तरी त्याची सुटी वायां गेली नाहीं, असें खुशाल समजावें.