नातं स्नेहभोजनापुरतं नाही



डॉक्टरांचं कॉलेजप्रेम म्हणजे रौप्यमहोत्सवी स्नेहभोजन आणि ग्रुप फोटो, असा टोला मागच्या अंकातील पत्रलेखकाने हाणला आहे. जेवणावळी होतात, फेटेही बांधले जातात; नाकारत नाही. पण नातं तिथेच संपतं, हे पटत नाही.

परळचं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय घ्या. १९२६ मध्ये केईएम रुग्णालयासह त्याचं उद्घाटन झालं. शिकवणारे भारतीयच हवेत, ही देणगीदारांची अट होती. परक्या राजवटीत ही साधी गोष्ट नव्हती. पुढे कित्येक दशकं स्वतःची प्रॅक्टिस जोरात असलेले नामवंत सकाळी नाममात्र मानधनावर 'ऑनररी' म्हणून वॉर्डात राउंड घेत. त्यांतले अनेक तिथेच घडलेले. ती पद्धत आता जवळपास मोडीत निघाली. माझ्या मते ते नुकसानच.

आम्ही माजी विद्यार्थी साताऱ्याहून केईएमला रुग्ण पाठवतो तेव्हा चिठ्ठीवर सहीखाली बॅचचं साल घालतो. ते वाचून कॅज्युअल्टीतला अनोळखी रेसिडेंट मध्यरात्री उलट फोन करतो, "सर, पेशंट पोचला, घेतलाय आत." (चिठ्ठी नसलेल्याचं काय, असं पत्रलेखकाने विचारलं असतं तर मात्र मी निरुत्तर झालो असतो.)

शतकपूर्तीच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: संगमरवरी पाट्या पुरेत, आठवड्यातली एक सकाळ ओपीडीला द्या. आणि प्रशासनाने ती देऊ द्यावी.

– एक माजी विद्यार्थी, सातारा